जुनेपणाची निष्ठा आणि भीतीचा वर्तमानकाळ

साहित्यकृतीच्या चित्रपटीय माध्यमांतराची चर्चा बहुधा 'मुळाशी प्रामाणिक की अप्रामाणिक' या एकाच खुंटीभोवती फिरत राहते. कथानकातील काय गाळले, काय घातले, कोणते पात्र बदलले याची यादी झाली की माध्यमांतराची मीमांसा झाली, असा समज विद्यापीठीय वर्गांत आणि परीक्षणांच्या स्तंभांत सारखाच रूढ आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या शिळ्या प्रश्नाला एक नवे आणि वरकरणी निरुत्तर करणारे उत्तर सापडल्याचा आभास निर्माण झाला. कथा ज्या काळात लिहिली गेली, त्या काळातील चित्रपटासारखाच चित्रपट आज काढावा, म्हणजे आशयाबरोबर काळाशीही निष्ठा राखली जाते, असे ते उत्तर. या उत्तराचा बारकाईने समाचार घेण्याची गरज आहे. ते केवळ काही हौशी चित्रपटकारांच्या आवडीपुरते मर्यादित नाही. साहित्यकृतीचा तिच्या काळाशी असलेला संबंध म्हणजे काय, या समीक्षेच्या मूलभूत प्रश्नाविषयीचा एक गैरसमज त्यात दडलेला आहे.

या प्रवृत्तीचे सर्वांत विचारार्ह उदाहरण म्हणजे 'द कॉल ऑफ क्थूलू' हा २००५ सालचा चित्रपट. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या अमेरिकन भयकथाकाराने मूळ कथा १९२६ साली लिहिली आणि ती 'वीअर्ड टेल्स' या मासिकाच्या फेब्रुवारी १९२८ च्या अंकात प्रसिद्ध झाली. 'एच. पी. लव्हक्राफ्ट हिस्टॉरिकल सोसायटी' या लव्हक्राफ्टप्रेमींच्या संस्थेने तिच्यावर सत्तेचाळीस मिनिटांचा चित्रपट काढला. दिग्दर्शन अँड्र्यू लीमन यांचे, पटकथा शॉन ब्रॅनी यांची. चित्रपट कृष्णधवल आहे, मूक आहे आणि जणू १९२० च्या दशकातच काढला गेला असावा अशा बेताने घडवलेला आहे. डिजिटल व्हिडिओवर चित्रण करून त्यास जुन्या फितीचे रूप देण्यात आले. त्यानंतर याच संस्थेने १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द व्हिस्परर इन डार्कनेस' या कथेवर २०११ साली, ब्रॅनी यांच्या दिग्दर्शनाखाली, १९३० च्या दशकातील बोलपटांच्या धर्तीचा पूर्ण लांबीचा चित्रपट तयार केला. दोन्ही चित्रपटांचे कौतुक करताना दोन गुण एकत्र बांधले जातात: अल्प खर्च आणि जुनी शैली. पैसा नसल्याने मोह टळला व जुनी शैली स्वीकारल्याने मूळ कथेचा आत्मा सुरक्षित राहिला, असा हा युक्तिवाद. तो दोन्ही बाजूंनी लंगडा आहे.

पहिला आक्षेप काळाविषयीचा. १९२८ सालच्या वाचकाच्या हाती 'द कॉल ऑफ क्थूलू' आली तेव्हा ती 'जुनी' नव्हती. तिच्यातील मध्यवर्ती घटना १९२५ सालच्या मार्च-एप्रिलमधल्या आहेत, म्हणजे वाचकाच्या कालपरवाच्या आठवणीतल्या. भूकंपाचा धक्का, वृत्तपत्रांतील कात्रणे, विद्यापीठातील प्राध्यापकाची टिपणे, पोलीस निरीक्षकाची साक्ष, नॉर्वेजियन खलाशाचे हस्तलिखित ही सगळी सामग्री तत्कालीन वर्तमानाची आहे. लव्हक्राफ्टने गढ्या, भुयारे, साखळदंड हा गॉथिक परंपरेचा जुना सरंजाम येथे जवळजवळ बाजूला सारला आणि भयाला समकालीन ज्ञानव्यवहाराच्या मध्यभागी आणून बसवले. निरनिराळ्या शास्त्रांनी गोळा केलेले तुटक पुरावे एकत्र आले तर मानवाला स्वतःच्या क्षुद्रतेचे जे दर्शन घडेल ते सोसवणार नाही, हे या कथेचे बीज आहे. ज्या कथेने आपल्या वाचकाला त्याच्याच वर्तमानात गाठले, तिला ऐंशी वर्षांनंतर काळजीपूर्वक भूतकाळात नेऊन ठेवणे यास निष्ठा म्हणावयाचे असेल, तर त्या शब्दाचा अर्थ तरी बदलावा लागेल. कथेचा वाचकाशी असलेला कालसंबंध येथे उलटा झालेला आहे. तेव्हाच्या वाचकाला कथा जवळची वाटत होती. आजच्या प्रेक्षकाला ती मुद्दाम लांबची करून दाखवली जाते.

दुसरा आक्षेप असा की, ज्या जुन्या शैलीशी ही निष्ठा सांगितली जाते ती शैलीही त्या काळाची नव्हे. ती त्या काळाच्या अवशेषांची आहे. फितीवरचे ओरखडे, प्रकाशाची थरथर, करडा आणि धूसर पोत यांना आज मूकपटाची ओळख मानले जाते. परंतु १९२६ सालच्या प्रेक्षकासमोर जी फीत उलगडत होती ती नवी होती. ओरखडे तिच्या जन्माचे नव्हेत, वार्धक्याचे आहेत. मूकपट सर्वस्वी कृष्णधवल असत हाही असाच एक उत्तरकालीन समज. मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू'च्या (१९२२) प्रतींत रंगछटा दिलेल्या होत्या आणि रात्रीची दृश्ये निळ्या छटेने दाखवली जात. त्या चित्रपटाचा फार मोठा भाग विस्मार आणि ल्यूबेक यांसारख्या गावांत व स्लोव्हाकियातील ओराव्हा गढीच्या परिसरात, उघड्या आभाळाखाली चित्रित झालेला आहे. रॉबर्ट वीनच्या 'कॅलिगारी'मधील (१९२०) तिरप्या भिंती व रंगवलेल्या सावल्या हे मूकपटाचे एक टोक होते. संग्रहालयीन स्मृतीने त्या टोकालाच संपूर्ण प्रदेश मानले. तेव्हा आजचा चित्रपटकार '१९२६ ची शैली' म्हणून जे वापरतो ते १९२६ नसून १९२६ विषयीचे आपले चित्र असते. त्यात ऐतिहासिकता कमी आणि ऐतिहासिकतेची खूण अधिक.

या ठिकाणी फ्रेड्रिक जेमसनच्या प्रतिपादनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९८४ सालच्या उत्तरआधुनिकतेवरील निबंधात त्याने 'स्मृतिरंजनपर चित्रपटा'ची जी चिकित्सा केली, तिचा मथितार्थ असा की, असा चित्रपट भूतकाळाला भिडत नाही. भूतकाळाच्या शैलीदार प्रतिमा अंगावर पांघरून तो भूतकाळाचा आभास निर्माण करतो. उपहासाचा दंश हरवलेले अनुकरण असे त्याने या वृत्तीचे निदान केले आहे. प्रस्तुत चित्रपटांना हे निदान बऱ्याच अंशी लागू पडते, आणि आपल्याकडील उत्तरआधुनिक परिभाषेत रमणारा समीक्षक तेवढे लावून मोकळाही होईल. परंतु तेवढ्याने काम भागत नाही. जेमसनची चौकट स्वीकारली तर २००५ चा आणि २०११ चा असे दोन्ही चित्रपट एकाच मापाने निकालात निघतात. प्रत्यक्ष अनुभव मात्र असा की पहिला चित्रपट भयाचा एक अस्सल प्रत्यय देतो आणि दुसरा, अधिक ऐपत व अधिक सफाई असूनही, शेवटच्या भागात तो प्रत्यय हरवून बसतो. दोघांचीही शैली 'जुनी'च असताना हा फरक का पडावा? निष्ठावाद्यांकडे याचे उत्तर नाही आणि स्मृतिरंजनाचा आरोप करणाऱ्यांकडेही नाही.

उत्तर शोधण्यासाठी भारतीय रसमीमांसेकडे वळणे उपयुक्त ठरते. तसे वळण्यामागे परंपरेचा अभिमान नाही. भयाच्या कलानुभवाचा काळाशी असलेला संबंध तेथे असाधारण स्पष्टतेने मांडलेला आहे, एवढेच कारण. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त साधारणीकरणाची प्रक्रिया उलगडताना शाकुंतलातील बाणाच्या भीतीने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. तेथे भय अमुक हरिणाचे, अमुक रानातले, अमुक वेळचे राहत नाही. देशकालाच्या आलिंगनातून ते मोकळे होते आणि म्हणूनच भयानक रस म्हणून आस्वाद्य ठरते. याच विवेचनात त्याने सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक विघ्न म्हणजे 'हे माझे' किंवा 'हे दुसऱ्याचे' अशा नियमाने विशिष्ट देशकालात अडकून पडणे. जुन्या शैलीच्या भयपटांवरचा खरा आक्षेप येथे नेमक्या शब्दांत सापडतो. ओरखडे, थरथर, जुन्या धाटणीची श्रेयनामावली यांनी प्रेक्षकाला पावलोपावली 'हे त्यांचे, त्या काळचे' असे बजावले जात असेल, तर ती सजावट हे रसविघ्नच होय. भयाची जागा मग कौतुक घेते. 'किती हुबेहूब!' हा उद्गार भयानक रसाच्या आस्वादातला नव्हे. तो कारागिरीच्या दादेतला.

परंतु अभिनवगुप्त येथेच थांबत नाही. या विघ्नाच्या निवारणाचे जे उपाय त्याने सांगितले आहेत, त्यांत नटाचे स्वरूप झाकणारा मुकुटादी वेष, लोकव्यवहाराहून निराळी भाषा, रंगमंडपाची विशिष्ट रचना, एकूण नाट्यधर्मी संकेत यांचा समावेश होतो. म्हणजे कृत्रिमता हे नेहमीच विघ्न नव्हे. जी कृत्रिमता संकेत म्हणून कार्य करते ती प्रेक्षकाला नटाच्याही आणि स्वतःच्याही देशकालापासून सोडवते. जुन्या शैलीचे हे दुहेरी रूप लक्षात घेतले की कोडे सुटू लागते. तीच एक कृष्णधवल चौकट 'तो काळ' दर्शविणारी खूण म्हणून वापरता येते आणि लोकव्यवहारापासून अलग करणारा संकेत म्हणूनही वापरता येते. खूण म्हणून ती रसाला अडवते. संकेत म्हणून ती रसाला वाट करून देते. माध्यमांतराचा न्याय करताना शैली किती जुनी आहे हे पाहू नये. ती कोणते कार्य करते हे पाहावे.

या कसोटीवर २००५ चा चित्रपट पुन्हा तपासावा. लव्हक्राफ्टची मूळ कथा ही वाचनाची कथा आहे. निवेदक थर्स्टन स्वतः जवळजवळ काहीच पाहत नाही. तो मृत आजेचुलत्याची, प्राध्यापक एंजेलची, कागदपत्रे वाचतो, त्यांत निरीक्षक लेग्रासची हकिकत वाचतो, शेवटी खलाशी योहानसेनचे टिपण वाचतो. एका कागदाच्या पोटात दुसरा कागद अशी ही रचना आहे आणि भय वाचनाच्या कृतीतून साकळत जाते. मूकपटातील अक्षरपाट्या या रचनेला नेमक्या उपकारक ठरतात. प्रेक्षकाला पाहता पाहता वाचावे लागते. प्रतिमा आणि अक्षर यांच्यात तो ये-जा करीत राहतो आणि नकळत थर्स्टनच्या जागी जाऊन बसतो. चित्रपटाने निवेदकाला वेड्यांच्या इस्पितळात बसवून त्याच्या तोंडून हकिकत वदवली आहे. ही चौकट मूळ कथेत नाही, ती 'कॅलिगारी'ची आठवण देते. तरीही स्तरांच्या स्तरांत शिरणारी रचना तिने अभंग ठेवली आहे. यादी करणाऱ्या समीक्षकाच्या वहीत हा बदल 'अप्रामाणिक' म्हणून नोंदला जाईल. रचनेच्या दृष्टीने तो पूर्णपणे प्रामाणिक आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा मौनाचा. क्थूलू हे नाव मानवी कंठासाठी नाहीच. मानवेतर ध्वनीला मानवी अक्षरांत कसेबसे पकडण्याचा तो प्रयत्न आहे, अशी लव्हक्राफ्टची कल्पना. कथेत ते नाव व तो मंत्र केवळ अक्षररूपात असल्याने प्रत्येक वाचक त्याच्याशी मनातल्या मनात झटतो आणि हरतो. बोलपटात कोणातरी नटाने ते उच्चारले की ती हार संपते. अनुच्चार्य ते उच्चार्य होते. मूकपटात मात्र ओठ हलतात, पाटीवर अक्षरे उमटतात आणि उच्चार रिकामा राहतो. येथे मौन हे १९२० च्या दशकाचे स्मारक म्हणून येत नाही. कथेच्या आशयाची ती अट आहे. एकेका चौकटीने पुतळा हलवून साकारलेल्या राक्षसाविषयीही असेच म्हणता येईल. त्याची अडखळती हालचाल खरी वाटत नाही, आणि खरे न वाटणे हेच त्याचे कार्य आहे. ज्याचे वर्णन करता येत नाही असे कथा बजावते, त्याला सफाईदार शरीर देणे हीच मोठी अप्रामाणिकता ठरली असती.

आता 'द व्हिस्परर इन डार्कनेस' पाहावी. या कथेचा नायक विल्मार्थ हा साहित्याचा अध्यापक आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. व्हरमाँटच्या डोंगरांत राहणाऱ्या एकलीची पत्रे त्याला येतात. घाबरलेली, तुटक, हस्तलिखित पत्रे. मग एके दिवशी टंकलिखित पत्र येते: शांत, प्रसन्न, आग्रहाचे निमंत्रण देणारे. लेखनशैली बदललेली आहे, अर्थात लेखक बदलला आहे. वाचकाच्या हे ध्यानात येते. साहित्याच्या अध्यापकालाही शंका चाटून जाते, पण तो तिला बाजूस सारतो आणि निमंत्रण स्वीकारतो. कथेतील भय मुळात शैलीविज्ञानाचे आहे. शेवटी अंधाऱ्या खोलीतील खुर्चीवर त्याला जे दिसते, ते दिसताच तो पळून जातो आणि कथा संपते. २०११ च्या चित्रपटाने या शेवटानंतर एक संपूर्ण अंक जोडला: डोंगरावरील विधी, एका लहान मुलीची सोबत, विमानातून पाठलाग आणि अखेरीस यंत्रात बंदिस्त झालेल्या विल्मार्थच्या मेंदूने केलेले निवेदन. प्रकाशयोजना, पोशाख, संवादफेक सारे १९३१ च्या हॉलिवुडचे. परंतु ज्या संशयावर कथा उभी होती तो संशय विमानाच्या घरघरीत बुडून जातो. जुने रूप येथेही आहे, पण ते कथेच्या कोणत्याही अटीची पूर्तता करीत नाही. संकेत खूण होऊन बसला आहे. जुन्या शैलीतच निष्ठा असती, तर हा चित्रपट असा कोसळला नसता.

अल्प खर्चाचा गौरवही याच प्रकाशात तपासावा. गरिबी कलेला आपोआप संयम शिकवते हा समज सोयीचा आहे, खरा नव्हे. १९२८ साली न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे वॉटसन आणि वेबर या दोघा हौशी मंडळींनी पो याच्या 'अशर घराण्याचा अंत' या १८३९ सालच्या कथेवर अवघा तेरा मिनिटांचा चित्रपट काढला. साधने तुटपुंजी होती. परंतु त्यांनी १८३९ ची चित्रशैली शोधीत न बसता भिंगे, लोलक आणि एकमेकांवर चढणाऱ्या प्रतिमा यांतून आपल्या काळाची नवी दृश्यभाषा घडवली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये झाँ एप्स्टाइनने त्याच कथेला संथगती चित्रणाचे, म्हणजे तेव्हाच्या चित्रपटाला साध्य असलेल्या प्रगत तंत्राचे, रूप दिले. १९६० साली रॉजर कॉर्मनने पंधरा दिवसांत चित्रण उरकून तीच कथा रंगीत व रुंद पडद्यावर आणली. तिघांनीही जुन्या कथेला आपल्या वर्तमानातील माध्यमापुढे उभे केले. अल्प खर्चातून जुनी शैलीच जन्मते असे नाही. जुनी शैली ही निवड आहे आणि प्रत्येक निवडीप्रमाणे तिचे समर्थन द्यावे लागते. 'पैसे नव्हते' हे ते समर्थन नव्हे.

काळाची शैली स्वीकारणाऱ्याला त्या काळाच्या दृष्टीचाही हिशेब द्यावा लागतो, हा या वादातील सर्वांत अडचणीचा आणि म्हणून सर्वांत टाळला जाणारा मुद्दा. 'क्थूलू'मधील दलदलीच्या प्रसंगात त्या पंथाचे उपासक कोण, याचे लव्हक्राफ्टने केलेले वर्णन उघडउघड वंशद्वेषी आहे. मिश्र रक्त हाच तेथे पतनाचा पुरावा मानला आहे. १९२४ ते १९२६ या न्यूयॉर्कमधील वास्तव्यात स्थलांतरितांविषयी त्याच्या मनात साचलेला तिटकारा 'द हॉरर अ‍ॅट रेड हूक'मध्ये आणखी नागडा झाला आहे. आणि अमेरिकेने स्थलांतरावर कठोर वांशिक मर्यादा घातल्या त्या १९२४ सालीच, हेही विसरता येत नाही. तेव्हा या कथेतील विश्वव्यापी भयाच्या मुळाशी एक अगदी स्थानिक, सामाजिक भय आहे. जुन्या शैलीचा गौरव करणारी समीक्षा 'तो काळच तसा होता' असे म्हणून हा प्रश्न पोशाख आणि टोप्यांच्या रांगेत नेऊन ठेवते. द्वेषही मग कालवैशिष्ट्य म्हणून प्रेक्षणीय ठरतो. निष्ठेच्या नावाखाली मिळालेली ही सूट समीक्षेने मान्य करता कामा नये.

मराठी अभ्यासकाला तर या निष्ठेची भुरळ पडण्याचे काहीच कारण नाही. रूपांतराची जी परंपरा मराठीत एकोणिसाव्या शतकात घडली, तिने नेमकी उलट वाट धरली होती. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' (१८९०) केला, तेव्हा एलिझाबेथकालीन लंडनचा रंगमंच पुण्यामुंबईत उभारण्याची खटपट त्यांनी केली नाही. परकी कृती आपल्या प्रेक्षकाच्या भाषेत, नावांत आणि भावविश्वात आणणे हेच त्यांच्या लेखी तिच्याशी इमान राखणे होते. भयकथेच्या प्रांतात नारायण धारप (१९२५–२००८) यांनी पाश्चात्त्य बीजे मराठी घरांत, ओळखीच्या वाड्यांत आणि आपल्या काळातील माणसांत रुजवली. त्यांच्या वाचकाला भीती वाटली ती न्यू इंग्लंडची नव्हे, स्वतःच्या माजघराची. या परंपरेत उणिवा नाहीत असे नाही. मूळ कृतीचा अंतर्गत ताण रूपांतरात पुष्कळदा सैल झाला, हे मान्यच करावे लागते. परंतु भय वर्तमानातच नांदते, हे तिला माहीत होते.

'साहित्य आणि चित्रपट' हा विषय आता पदव्युत्तर वर्गांत चांगलाच रुळला आहे आणि त्याबरोबर बदलांची यादी करण्याची सवयही रुळली आहे. विद्यार्थ्याला विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: कथेच्या रचनेतील कोणती अट चित्रपटाच्या कोणत्या संकेताने पुरी केली? तो विचारला की 'क्थूलू'चे मौन आणि 'व्हिस्परर'चे विमान एकाच जुन्या रंगात रंगलेले असूनही एका जातीचे नाहीत, हे दिसू लागते. तो विचारला नाही, तर टंकलिखित पत्राच्या सौजन्याला भुलून निमंत्रण स्वीकारणाऱ्या विल्मार्थमध्ये आणि ओरखड्यांना भुलून निष्ठेचे प्रशस्तिपत्र देणाऱ्या समीक्षकामध्ये फरक तो कोणता उरला?